पोरांच्या सामन्यांसाठी लेन्स घेताय? आधी पावलं मोजा

"मुलगी खो-खो खेळते, झूम लेन्स कुठली घेऊ?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लेन्स आधीच घेतलेली असते, फक्त 'बरोबर घेतलीस' एवढं ऐकायचं असतं. लेन्स वाईट नसतात, क्रम उलटा असतो. दुकानात "३०० पर्यंत जाते का?" विचारायचं, घरी आणून गॅलरीतून समोरच्या इमारतीवरच्या टाकीवरची अक्षरं वाचून खूश व्हायचं, आणि मग संध्याकाळी साडेपाचच्या सामन्यात पोरीचा चेहरा म्हणजे पुसट डाग. टाकी पळत नाही, एवढंच विसरलेलं असतं.

क्रम असा धरा: उभं राहायची जागा, तिथून अंतर, तिथला उजेड, मग आपली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), आणि सगळ्यात शेवटी लेन्स. उदाहरणं सांगली-साताऱ्याची आहेत, कारण मुलगी इथं सांगलीत खो-खो खेळते आणि भाचा साताऱ्यात क्रिकेट.

तयारी: एक सामना फक्त मोजणीसाठी

लागतं काय? कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), फोनमधली एक नोट आणि तुमची पावलं. घरी टेप लावून स्वतःची १० पावलं मोजून ठेवा. माझी ७.२ मीटर भरतात. बहुतेकांचं साधं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास असतं.

मोजणीचा दिवस नीट निवडा. शाळांच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या स्पर्धा बहुतेक पावसाळ्यात नाहीतर तो ओसरताना होतात, म्हणजे आभाळ भरलेलं. शाळेचा वार्षिक क्रीडा महोत्सव डिसेंबर-जानेवारीत, स्वच्छ उन्हात. दोन्हींचा उजेड एक नाही. ज्या सामन्यांचे फोटो हवेत त्याच मोसमात आणि त्याच वेळेला मोजा. सरावाचा दिवसही चालेल.

टप्पा १: जागा ठरवा

सगळं मैदान टिपायचा हव्यास पहिल्यांदा सोडा. कुठलीच लेन्स ते करत नाही.

खो-खोचं घ्या. दोन खांबांमध्ये साधारण २४ मीटर. तुम्ही एका खांबामागं ५ मीटरवर बसलात तर जवळचा खांब ५ मीटरवर आणि लांबचा २९ वर. जवळच्याला रुंद लेन्स लागते, लांबच्याला टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी. म्हणून एक खांब निवडायचा आणि त्याच्यावरच राहायचं. मी खांबाच्या मागं, एका अंगाला, १० ते १२ मीटरवर बसतो. अगदी सरळ मागं बसलं की पळणारी मुलगी नेमकी खांबाआड जाते. अंगाला बसलं की खांबाला वळसा घालताना तिचा चेहरा आणि मागून सूर मारणारीचा हात एका चौकटीत येतात. हा एक फोटो मिळाला तरी दिवस वसूल. माझ्याकडं पहिल्या वर्षीचा एक फोटो अजून आहे: मधोमध खांब, एकदम स्पष्ट, आणि उजव्या कडेला अर्धी वेणी.

कबड्डीत मुलगा ज्या बाजूनं पकड करतो त्या अर्ध्याच्या अंतिम रेषेमागं, कोपऱ्याकडं बसा. चढाईला आलेला गडी तुमच्याकडं तोंड करून येतो. आपला मुलगा चढाईपटू असेल तर समोरच्या बाजूला जा. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा तुम्हीही बदला.

क्रिकेटला सीमारेषेबाहेर राहणं भागच आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाला ऑफ साइडला, कव्हरच्या दिशेनं बसा, छाती-चेहरा दिसतो. डावखुरी असेल तर मैदानाच्या दुसऱ्या अंगाला. स्मृती मंधाना ज्या गावात वाढली तिथं डावखुऱ्या पोरी असायच्याच. गोलंदाज टिपायचा असेल तर यष्टीरक्षकाच्या मागची सीमारेषा.

शंभर मीटर धावायला अंतिम रेषेच्या पलीकडं १०-१५ मीटर, थोडं तिरकं. कडेनं काढलेल्या फोटोत पाच पोरांमधलं आपलं कोणतं हेच कळत नाही.

तिरंदाजीला फार झगडा नाही. २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची, त्यामुळं तिकडच्या पालकांकडून हा प्रश्नही येतो. नेम धरताना मूल स्थिर असतं, साधी झूम पुरते. फक्त नेमरेषेच्या पुढं एक पाऊलही टाकायचं नाही, आणि अगदी कानाशी शटर खडखडवायचं नाही.

*सावध:* बसण्याआधी पंचांना किंवा क्रीडाशिक्षकांना विचारा. "सर, इथं बसलो तर चालेल ना?" एवढं पुरतं. फ्लॅश बंदच ठेवायचा.

*तपासा:* ठरवलेल्या जागेमागून ऊन येतंय की समोरून? साताऱ्यात संध्याकाळी सूर्य यवतेश्वराच्या डोंगराकडं कलतो. पश्चिमेकडं तोंड करून बसलात तर सगळी पोरं काळी आकृती होतील.

टप्पा २: अंतराला पाचानं आणि आठानं गुणा

ठरवलेल्या जागेपासून, जिथं खेळ घडतो तिथपर्यंत पावलं मोजा. सामना सुरू व्हायच्या आधी, नाहीतर पंच ओरडतील. त्याचे मीटर करा. मग:

मीटर गुणिले ५ = निदान इतके मिलिमीटर.
मीटर गुणिले ८ = जास्तीत जास्त इतके.

हा हिशोब क्रॉप सेन्सरचा, म्हणजे घरोघरी असतात त्या कॅमेऱ्यांचा. कॅमेरा आडवा धरल्यावर पाचाच्या हिशोबानं १.४ मीटर उंचीचं मूल चौकटीच्या निम्म्याला थोडं कमी भरतं, आजूबाजूचे खेळाडूही येतात. आठाच्या हिशोबानं ते पाऊणएक चौकट भरतं. त्याहून घट्ट गेलात की हात-पाय कापले जाणार, कारण पोर कुठं वळेल हे त्यालाही ठाऊक नसतं. मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुलफ्रेम कॅमेरा असेल तर दोन्ही आकडे दीडपट करा.

आता नुसता हिशोब बघा:

कबड्डी, कृती ८ मीटरवर: ४० ते ६४.
खो-खो, आपला खांब ११ मीटरवर: ५५ ते ८८. लांबचा खांब ३३ च्या आसपास: १६५ ते २६४.
धावणे, २५ मीटरवर: १२५ ते २००.
क्रिकेट, फलंदाज ५५ मीटरवर: २७५ ते ४४०.

म्हणजे ३०० मिलिमीटरची खरी गरज या यादीत एकट्या क्रिकेटला आहे. कबड्डीवाल्या बापानं ७०-३०० घेतली तर ती ७० वर सुरू होते तिथंच त्याचा गडी चौकटीबाहेर गेलेला असतो.

*नेहमीची चूक:* जाहिरातीतला 'तिप्पट झूम', 'दहापट झूम' हा आकडा बघून घेणं. तो लेन्सच्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद टोकाचा भागाकार आहे. १८-५५ तिप्पट आहे आणि १००-३०० सुद्धा तिप्पटच.

टप्पा ३: उजेड मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पैसे वाया जातात ते इथंच.

किट लेन्स ५५ वर फिरवा. तिथं तिचं अॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ असतं, म्हणजे स्वस्त टेली झूमच्या जवळपास. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/१००० सेकंद, अॅपर्चर एफ/५.६, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) ऑटो. मैदानातल्या पोरांवर धरून अर्धं बटण दाबा आणि कॅमेरा आयएसओ किती सांगतो ते लिहून घ्या. सामन्याच्या सुरुवातीला एकदा, संपताना एकदा.

*तपासा:* मेनूत ऑटो आयएसओची कमाल मर्यादा आधी पूर्ण वर न्या. ती १६०० वर अडकलेली असेल तर अंधार पडला तरी कॅमेरा १६००च सांगत बसेल आणि तुम्ही फसाल.

कडक उन्हात १२५ ते २०० येईल. भरून आलेल्या आभाळात हजाराच्या आगेमागे. दिवेलागणीला ६४०० च्या घरात. दिव्याखालच्या हॉलमध्ये १२८०० किंवा त्याच्याही वर.

१६०० पर्यंत असेल तर निश्चिंत राहा, साधी एफ/४.५-६.३ ची झूम चालेल. १६०० ते ६४०० मध्ये तीच झूम चालते, फोटोत रव्यासारखे ठिपके दिसतील, व्हॉट्सअॅपवर कुणाला कळणार नाही, पण भिंतीवर मोठी फ्रेम लावायची असेल तर खटकेल. ६४०० च्या वर गेलात की साध्या झूमचा नाद सोडा.

का? एफचा आकडा निम्मा झाला की आत येणारा उजेड चौपट होतो. एफ/५.६ ला जिथं आयएसओ १२८०० लागतो, तिथं एफ/२.८ ला ३२०० आणि एफ/१.८ ला १३०० च्या आसपास. म्हणून ५० किंवा ८५ मिलिमीटरची, झूम न होणारी छोटीशी एफ/१.८ लेन्स हॉलमधल्या कबड्डीत लांबलचक झूमला पाणी पाजते.

*सावध:* दुकानदार म्हणेल, "स्टॅबिलायझेशन आहे ना, अंधारातही चालतं." ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं. पळणाऱ्या पोराला थांबवत नाही. त्याला फक्त शटर थांबवतं: पळण्यासाठी १/१०००, पकडीसाठी १/६४०-१/८००, आणि १/५०० च्या खाली शक्यतो नकोच.

रात्रीच्या सामन्यांची एक वेगळीच कटकट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण १/१००० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यावर आडवा पट्टा. बिघाड लेन्समध्ये नसतो. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. नसेल तर एका दमात भरपूर फोटो घ्या आणि त्यातले बरे ठेवा.

टप्पा ४: दोन आकडे समोरासमोर

आता तुमच्याकडं मिलिमीटर आहेत आणि आयएसओ आहे.

अंतर कमी आणि उजेड कमी (हॉल, रात्रीची कबड्डी, तालमीतली कुस्ती): ५० एफ/१.८ किंवा ८५ एफ/१.८. पहिली सगळ्यात स्वस्त आणि खिशात मावणारी. खो-खोवाल्यांनी ८५ धरावी. झूम नाही म्हणून कुरकुरू नका, दोन पावलं पुढं-मागं सरका.

अंतर मध्यम आणि उजेड चांगला (दिवसाची खो-खो, धावणे, फुटबॉल): ५५-२५० किंवा ७०-३०० जातीची हलकी झूम. बहुतेक घरांना हीच लागते. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर, दिवसभर गळ्यात राहते.

अंतर जास्त आणि उजेड चांगला (क्रिकेट): ७०-३००, जमलं तर १००-४००. सोबत एक मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड.

अंतर मध्यम आणि उजेड कमी: इथं ७०-२०० एफ/२.८ लागते. नवी लाखाच्या पुढं, जुन्या बांधणीची दीड किलोच्या घरात. वर्षातून चार सामन्यांसाठी घेऊ नका. पुढं भाड्याचं सांगतो.

अंतर जास्त आणि उजेड कमी: संध्याकाळचं क्रिकेट. कॅमेरा पिशवीत ठेवा आणि मॅच बघा.

टप्पा ५: तुमच्या बॉडीवर ती चालते का?

माझी स्वतःची ठेच इथलीच. एका दुकानातून जुनी टेली झूम घेतली, बसली व्यवस्थित, फोटोही निघाला. घरी आल्यावर लक्षात आलं की फोकस हातानं फिरवावा लागतोय. त्या लेन्समध्ये मोटर नव्हती आणि माझ्या बॉडीतही नव्हती. दुकानदार म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही." खरंच विचारलं नव्हतं.

निकॉन डी३५०० किंवा डी५६०० असेल तर बॉडीत फोकसची मोटर नाही. 'एएफ-डी' लिहिलेली जुनी लेन्स त्यावर आपोआप फोकस करणार नाही, 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' हवी. उलट 'एएफ-पी' लेन्स डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० अशा जुन्या बॉड्यांवर फोकस करत नाहीत. शिवाय एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारात निघाली, 'व्हीआर' (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) असलेली आणि नसलेली. दिसायला सारख्या, म्हणून अंगावरची अक्षरं वाचा.

कॅननच्या १५००डी सारख्या डीएसएलआरला ईएफ आणि ईएफ-एस लेन्स बसतात, नव्या मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या आरएफ बसत नाहीत. उलट बाजूनं अॅडॉप्टर लावून जुन्या लेन्स आर५० सारख्या मिररलेसवर चालतात. कॅननची ईएफ ७५-३०० स्वस्तात सगळीकडं मिळते, पण तीत स्टॅबिलायझेशन नाही. तेवढ्याच कामाला ५५-२५० आयएस एसटीएम केव्हाही बरी.

*तपासा:* आपली बॉडी दुकानात घेऊन जा. लेन्स लावून रस्त्यावरच्या येणाऱ्या दुचाकींवर फोकस धरून बघा. काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर धरून काही कळत नाही.

टप्पा ६: घेण्याआधी एक दिवस भाड्यानं

आपल्याकडं याला एक सोयीचा मोसम आहे. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्नाचे मुहूर्त नाहीत, आणि लग्नाच्या फोटोग्राफरांच्या ७०-२०० एफ/२.८ कपाटात पडून असतात. शालेय स्पर्धाही त्याच काळात. ओळखीच्या फोटोग्राफरला गाठा, अनामत ठेवा, एक दिवस आणा. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की तोच माणूस फोन उचलणार नाही.

आणल्यावर आणि परत देताना लेन्सच्या दोन्ही काचांचे फोटो त्याच्यासमोर काढा, नंतर वाद नको. दीड किलोची लेन्स दोन तास हातात धरल्यावर विकत घेण्याची हौस बऱ्याच जणांची आपोआप फिटते, हा वेगळा फायदा.

टप्पा ७: जुनी घेत असाल तर

बुरशी हा आपला शत्रू. महाबळेश्वर-जावळीकडं राहिलेली लेन्स असेल तर दुप्पट काळजी. दोन्ही झाकणं काढा, एका बाजूनं फोनची टॉर्च तिरकी मारा, दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की ठेवून निघा, कितीही स्वस्त असो. धुळीचे चार कण असतील तर चालतं.

मग झूम रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, कुठं अडखळते का? लेन्स खाली तोंड करून धरा, नळी आपोआप घसरत असेल तर आतून ढिली झाली आहे. शेवटी सगळ्यात लांब टोकाला, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, दूरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढा आणि मोठा करून चारही कोपरे बघा. एकच बाजू धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

टप्पा ८: पहिल्या सामन्याआधी

लेन्स घरूनच लावून निघा. मैदानातल्या तांबड्या धुळीत बदलायची नाही. हूड (लेन्सपुढचं उजेड आडवणारं नळकांडं) लावा, लेन्सवर चढवलेली स्वस्तातली यूव्ही फिल्टरची काच काढा, फोटोतली रात्रीच्या दिव्यांची भुतं (खोटी प्रतिबिंबं) त्यातूनच येतात. आणि सांगलीकरांनो, भडंग खाल्लेल्या हातानं लेन्सचं झाकण काढू नका. तेलाचा एक ठसा आला की सगळे फोटो स्वप्नात काढल्यासारखे येतात. मला दोन सामने लागले ते कळायला.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर हवा: निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये सर्व्हो. एकदाच लॉक होणाऱ्या मोडवर राहिला तर महागातली महाग लेन्सही मगाशी जिथं पोर होतं तिथंच बघत बसते. सलग फोटोंचा मोड चालू करा, पण बोट दाबून धरून ठेवू नका. साध्या बॉडीचा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) भरतो आणि नेमकी पकड होताना कॅमेरा गप्प. तीन-चार फोटो, सोडा, पुन्हा तीन-चार.

फोटोत दुसऱ्यांची मुलंही येतात. ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकायच्या आधी त्यांच्या घरच्यांना विचारा.

पावसाळी सामन्यावरून आल्यावर लेन्स पिशवीतच ठेवून झोपू नका. पुसा, तासभर पंख्याखाली मोकळी ठेवा, मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले. ते एखाद्या टाकून दिलेल्या तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. पण तो तवा नंतर भाकरीला वापरायचा नाही, दाण्यांतला निळा रंग पोटात जाण्यासारखा नसतो.